पाठमोऱ्या बाईबद्दल, डॉ. इन्शिराह हिला

इन्शिराह,

तुझा गौरवग्रंथ निघतोय म्हणे. तुझ्या विद्यार्थिनीचा कैरोहून फोन आला होता. पोरगी फार गोड बोलते. म्हणाली, बाई, तुम्ही मॅडमच्या सगळ्यात जुन्या मैत्रीण, त्यांच्या आयुष्यावर काहीतरी हृद्य लिहा. मी हो म्हटलं. पण 'त्या आल्या, त्यांनी केलं' असं लिहायला बसले आणि माझंच मला हसू आलं. तुझ्याशी मी कधी तसं बोललेय का? तेव्हा तुलाच लिहिते. छापायचं तर छापा, नाहीतर टाका टोपलीत.

त्याच पोरीनं सोबत तुझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती पाठवली. कव्हर छान आहे. चौथं प्रकरण मात्र काना-मात्रा न बदलता तसंच आहे. म्हणजे मी जुनं उगाळत बसलेय असं समजू नकोस. राग ताजा आहे, याच आठवड्यातला.

तू कोण ते आधी सांगते, कारण ग्रंथातल्या बाकीच्या लेखांत तू जन्मतःच प्राध्यापक असल्यासारखी दिसशील. तू महल्ला या गिरण्यांच्या शहराजवळच्या खेड्यातली, कालव्याच्या दारावर पाणी सोडणाऱ्या माणसाची मुलगी. गावातून कॉलेजला गेलेली पहिलीच. कैरोच्या वसतिगृहात आपण एका खोलीत होतो. तू आलीस ती पेटीभर कादंबऱ्या घेऊन, आणि पांघरूण एकच, तेही विटलेलं. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात तुला व्हिएन्नाच्या त्या मनाच्या डॉक्टरांची पुस्तकं सापडली आणि आमची झोप उडाली. तू सगळ्यांना तपासायला लागलीस. वसतिगृहाची रेक्टर किल्ल्यांचा जुडगा कमरेला का लावते, दारावरचा चहावाला बायकांशी बोलताना खाली का बघतो, सगळ्याला तुझ्याकडे कारण तयार. माझं लग्न ठरलं तर म्हणालीस, सनिय्या, विचार कर, हा माणूस आईच्या हातून सुटलेला नाही. नव्हताच सुटला. शेवटपर्यंत तो आईच्या हातचंच जेवला. मीही जेवले. म्हातारीच्या हाताला चव होती.

पण तुझ्यात काही होतं, हे मी नाकारत नाही. आधुनिक कादंबरीच्या तासाला तू एकदा उठून बोललीस ते मला अजून आठवतं. कुणाची कादंबरी होती ते विसरले. त्यातला हवालदार कुणाला पकडून आणलं की घरी जाऊन मुलांचे बूट दारात सरळ लावतो. आम्हाला वाटलं, किती प्रेमळ बाप. तू म्हणालीस, प्रेमळ नाही, घाबरलेला आहे, आपल्या दारातूनही कुणीतरी असंच नेलं जाईल म्हणून. सर खडू हातात धरून उभे राहिले. पुस्तकातलं माणूस हाडामांसाचं होतं ते असं, आणि ते तू केलंस. म्हणून तर चीड येते. जिला दिसत नव्हतं तिनं चूक केली असती तर मी कागद खराब केला नसता.

पुढे आपण दोघी महल्ल्याच्या मुलींच्या शाळेत लागलो. मी मुलं, चूल आणि व्याकरण यांत रमले. तू शाळा सुटली की बस पकडून कैरोला, डॉक्टर मिदहतांच्या दारात. प्रबंधाचा विषय: अरबी कादंबरीतील आई, एक मानसशास्त्रीय अभ्यास. मिदहतसाहेबांची पद्धत सगळ्यांना माहीत होती. ते प्रकरण हातात घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "रोगी कुठाय?" रोगी सापडला नाही की प्रकरण परत. कादंबरी म्हणजे लेखकाचा तापाचा तक्ता, असं त्यांचं मत. लेखकानं वाक्य असंच का लिहिलं, गोष्ट इथंच का तोडली, हे विचारायला गेलं तर म्हणायचे, ते सुतारकाम झालं, विज्ञान नव्हे.

आणि तुला त्यांची सही हवी होती. त्याखेरीज कॉलेजातली जागा नाही, आणि जागा नाही तर पुन्हा खेडं, मामाचा मुलगा आणि म्हशी. मला हे सगळं कळत होतं. इथवर मी तुझ्याच बाजूनं होते.

तुला रोगी मिळाला तो माझ्यामुळे. आमच्या समोरच्या घरातला राफत. सूतगिरणीत कामाला होता, 'भोंग्यानंतर' नावाची एकच कादंबरी लिहिली आणि छातीत कापूस साठून गेला. पुस्तकाचं नाव व्हायला लागलं तेव्हा तो नव्हता. त्या कादंबरीत गिरणीतला एक पोरगा आहे, आरडाओरडा करणारा बाप आहे आणि आई आहे. आईला नाव नाही. ती एक शब्द बोलत नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ती स्टोव्हकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून उभी. पोरगा बोलतो ते त्या पाठीशी.

तू ती वाचून माझ्याकडे धावत आलीस. या लेखकाची आई हयात आहे का? मी खिडकीतून बोट दाखवलं. समोर गॅलरीत उम्म राफत उभी होती, म्हणजे राफतची आई, आणि खालच्या भाजीवाल्याला मुळ्यावरून इतकं झापत होती की सगळी गल्ली काम टाकून ऐकत होती. बिनतोंडाची बाई ती नव्हे.

तुला मीच तिच्याकडे नेलं. ती कोबीच्या पानांत भात भरत बसली होती. आपल्यालाही एकेक ताट दिलं, बसा, तोंड चालेल तसे हात चालवा. तू पानं फाडत होतीस आणि प्रश्न विचारत होतीस. राफत किती वर्षांचा होईपर्यंत अंगावर पीत होता, अंधाराला भ्यायचा का, बापानं मारलं की कुणाकडे पळायचा. म्हातारीनं सगळ्याची उत्तरं दिली आणि मग मला विचारलं, "काय गं, ही तुझी मैत्रीण लस टोचणाऱ्या खात्यातली का?"

मग तू विचारलंस, पुस्तकातल्या आईला नाव का नाही. ती हसली. तिनं जे सांगितलं ते तू ऐकलंस. मी साक्षीला होते, म्हणून पुन्हा लिहिते. राफत लिहायला बसला तेव्हा तिच्याकडे आला होता. अम्मा, तुला पुस्तकात घेऊ का? ती म्हणाली, घे, पण माझं नाव लोकांच्या तोंडी नको, आणि माझं बोलणं तर मुळीच नको, गल्ली ओळखेल आणि हसेल. त्यानं डोळ्यांची शपथ घेतली. म्हणाला, मग तुला पाठमोरी उभी करतो, ओळखणारे पाठीवरून ओळखतील. पुस्तक आल्यावर मीच तिला ते वाचून दाखवलं होतं, पुस्तकी अरबीचं घरगुती बोलणं करत करत. त्यात ती बाई ओला हात कमरेच्या खाली, डाव्या बाजूला पुसते. तिथं आल्यावर म्हातारीनं मला थांबवलं होतं. "हे बघ, ही मीच." दिवसभर खुशीत होती.

तिथून निघालो आणि गिरणीच्या भिंतीकडेनं चालत असताना तू अक्षरशः उड्या मारत होतीस. सनिय्या, सापडलं. आईनंच त्याचं तोंड बंद केलं, आणि त्यानं पुस्तकात तिचं केलं. हा सूड आहे, हे दमन आहे. मी म्हटलं, वेडी आहेस का. आपल्याकडे कुठला मुलगा आईचं नाव चारचौघांत घेतो? शाळेत एकाचं कळलं तर बाकीची पोरं तेच नाव ओरडत त्याला घरापर्यंत पोचवतात. लग्नपत्रिकेवर बाप असतो, आजोबा असतात, आई कुठे असते? तुझ्याच भावाची गोष्ट तू वसतिगृहात हसून हसून सांगायचीस. लष्कराच्या भरतीत कारकुनानं आईचं नाव विचारलं, तर हा गडी टेबलावर ओणवा झाला आणि कारकुनाच्या कानात सांगितलं. मग तुझा भाऊही आईचा सूड घेतो का?

तू म्हणालीस, "मग सगळा देशच रोगी आहे."

वाक्य चटकदार होतं. तुला ते आवडलं, हे मला तुझ्या चालण्यावरूनच कळलं.

तरी तू प्रामाणिकपणे म्हातारीचं म्हणणं प्रकरणात लिहिलं होतंस, मी तो मसुदा वाचलाय. मिदहतसाहेबांनी ते खोडलं. नातेवाइकांची साक्ष पुरावा नसते, रोग्याचे घरचे नेहमी नाकारतात, असं समासात लिहिलं. तू पान काढून टाकलंस. त्या जागी काय आलं? लेखक आईचा द्वेष करतो. तिला नाव न देऊन, वाचा न देऊन तो तिला शब्दांत मारतो. आणि पुढे, हे मला आजही वाचवत नाही, त्या अपराधाची शिक्षा म्हणून त्याचं अबोध मन स्वतःचा श्वास कोंडत गेलं. अगं, त्याच्या छातीत कापूस होता! त्याच खात्यातली निम्मी माणसं तशीच खोकत गेली. त्या सगळ्यांनी आईचा द्वेष केला होता का?

हेही मी गिळलं असतं. असे प्रबंध ढिगानं होतात, उंदीर खातात. पण तू उम्म राफतला व्हायव्हाला बोलावलंस.

आपल्याकडची व्हायव्हा म्हणजे लग्नच. तुझं अख्खं खेडं आलं होतं, तुझे वडील नव्या जुब्ब्यात, मावश्या केकचे ट्रे आणि सरबताच्या बाटल्या घेऊन. मंचावर तिघे परीक्षक काळे झगे घालून. लेखकाची आई पहिल्या रांगेत बसली तर सभेला शोभा येईल, असं मिदहतसाहेब म्हणाले आणि तू मान डोलावलीस. मी तुला आदल्या दिवशी विचारलं होतं, तिच्यासमोर तू ते वाचणार आहेस का? तू म्हणालीस, तिला काय कळणार, सगळं पुस्तकी भाषेत आहे. हे तुझं वाक्य. कालव्यावरच्या माणसाच्या मुलीचं.

ती आली. काळा धुतलेला झगा, डोक्याला नवा रुमाल, मांडीवर डबा. ईदला करतात तशी कहक बिस्किटं तिनं ईद नसताना केली होती. माझ्याच शेजारी बसली. मायक्रोफोनवर तू वाचायला लागलीस तेव्हा ती कौतुकानं ऐकत होती, मशिदीतलं शुक्रवारचं प्रवचन, खुतबा, ऐकावं तशी, मधूनच मान हलवत. पण शुक्रवारचा खुतबा तिनं जन्मभर ऐकला होता, इन्शिराह, आणि रेडिओच्या बातम्याही, त्याच पुस्तकी भाषेत. 'आई' कळतं. 'द्वेष' कळतं. 'मृत्यू' कळतं. राफतचं नाव तर कळतंच. तिची मान हलायची थांबली.

तिनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतेय ती माझ्या पोराबद्दल?"

मी सांगितलं. गोड करून सांगता आलं असतं, पण तिला अर्धं कळलंच होतं आणि उरलेलं अर्धं तिनं मनानं आणखी वाईट भरलं असतं. म्हणतेय की त्याला तुझा राग होता म्हणून त्यानं तुला मुकी केली.

तिनं विचारलं, "त्यानं कुणाला सांगितलं होतं तसं?"

"नाही."

"मग यांना कुणी सांगितलं?"

"पुस्तकावरून काढलंय."

"माझ्या पाठीवरून?"

मंचावर दुसरे परीक्षक चौथ्या प्रकरणाची तोंड भरून स्तुती करत होते.

निकाल वाचला गेला, सर्वोच्च श्रेणी. तुझ्या मावश्यांनी जिभा हलवून असा काही आनंदाचा गजर केला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. उम्म राफतनं तमाशा केला नाही. फोटोला उभी राहिली. डबा उघडून सगळ्यांना कहक वाटली, मिदहतसाहेबांनाही, त्यांनी झग्यावर पिठीसाखर सांडत दोन खाल्ली. तुझ्या गालांचे मुके घेतले, मुबारक म्हणाली. आणि जिन्यात, गर्दी पुढे गेल्यावर, तुझी बाही धरली.

"डॉक्टरीणबाई, तू माझ्या स्वयंपाकघरात बसली होतीस. मी तुला सांगितलं होतं. विसरलीस?"

तू लाल झालीस. म्हणालीस, "मावशी, ते तुमच्याबद्दल नाही. ते पुस्तकातल्या बाईबद्दल आहे. ते शास्त्र आहे, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नसतं."

"पण ती बाई मीच आहे ना."

तू म्हणालीस, मी शुक्रवारी महल्ल्याला येते मावशी, नीट बसून समजावून सांगते. तिनं बाही सोडली.

तो शुक्रवार आला नाही. तुझी नेमणूक झाली, मग पुस्तक छापायचं निघालं, मग तू आखातातल्या कॉलेजात शिकवायला गेलीस. तुझं पुस्तकांचं कपाट भरत गेलं. इथे समोरच्या घरात काय झालं ते तुझ्या कुठल्याच लेखात नाही, म्हणून सांगते.

उम्म राफत गॅलरीत यायची बंद झाली. भाजीवाला खालून हाका मारायचा, आज भांडायचं नाही का, तर वरून दोरीनं टोपली सोडायची आणि येईल ते घ्यायची. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. मग एके दिवशी मी तिच्याकडे भाजी निवडत बसले असताना ती म्हणाली, "सनिय्या, मी त्याला कोरफड लावून तोडलं होतं." मला कळेना. "अंगावरचं. सोडत नव्हता, म्हणून कोरफडीचा चीक लावला. तोंड एवढंसं केलं होतं त्यानं. ते त्यानं मनात धरलं असेल का?" मी म्हटलं, अगं, अख्ख्या महल्ल्यात पोरं कोरफड लावूनच तोडतात. पण ती ऐकेना. पुढच्या खेपेला दुसरं. एकदा बापानं मारलं तेव्हा ती मधे पडली नव्हती, कणीक तिंबत होती, पाठ त्याच्याकडे होती. ती पाठ हीच का? मग तो शाळेच्या सहलीला गेला नाही ते. मग निळा स्वेटर. रोज एक नवीन. पोराचं सगळं लहानपण तिनं कपाटातून कपडे काढावेत तसं काढलं, उजेडात धरून डाग शोधला, आणि शोधला की डाग सापडतोच.

तुझे इतके विद्यार्थी झाले. आता या ग्रंथात ते सगळे ओळीनं लिहितील की मॅडमनी आम्हाला वाचायला शिकवलं. तुझी पद्धत पुरतेपणी कुणी आत्मसात केली असेल तर ती या बाईनं, जिला अक्षर येत नव्हतं. जी पाठ तिचा अभिमान होती, तीच ती पुरावा म्हणून वाचायला लागली. मला म्हणाली, ते पान पुन्हा वाच. मी वाचलं. ओला हात कमरेच्या खाली, डाव्या बाजूला. पूर्वी इथं ती हसायची. आता म्हणाली, "बघ, तोंड नाहीच दाखवलं."

मी भांडले तिच्याशी, हात जोडले, ओरडलेसुद्धा. त्यानं शपथ घेतली होती, तूच सांगितलंस, मग? तिचं म्हणणं एकच. तू आमच्यातली, तू असंच म्हणणार. जिनं लिहिलंय ती शिकलेली आहे, एवढे झगेवाले तिला हो म्हणाले. तिनं येऊन सांगितलं तर मी मानीन.

तू सुट्टीवर आलीस तेव्हा मी कैरोला येऊन तुझ्यासमोर बसले. सगळं सांगितलं, कोरफडीसकट. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते खोटं नव्हतं. पण मग तू म्हणालीस की तिची ही प्रतिक्रिया फार अर्थपूर्ण आहे, अपराधभाव आता आईकडे सरकलाय, यावर एक स्वतंत्र टिपण होऊ शकेल. मी चहाचा कप खाली ठेवला. तुला वाटलं असेल, उठून जाते आता. मी उठले नाही, कारण माझं काम व्हायचं होतं. मी म्हटलं, तुझं टिपण घाल चुलीत. ती आजारी आहे. फार दिवसांची नाही. तू यायचंस, तिच्या खाटेवर बसायचंस आणि म्हणायचंस, मावशी, माझं चुकलं, त्याला तुमचा राग नव्हता. एवढंच. पुस्तक बदलू नकोस, मिदहतसाहेबांना कळवू नकोस. हे एक वाक्य पोचव.

तू हो म्हणालीस. दिवस ठरला. मी स्टेशनवर यायचं, तिथून आपण दोघींनी मिळून गल्लीत जायचं. मी तिला सांगून ठेवलं. तिनं खाटेवरची चादर बदलून घेतली आणि माझ्या सुनेला कोबी आणायला पाठवलं.

कैरोची गाडी आली, माणसं उतरली, फलाट रिकामा झाला. मी पुढच्या गाडीपर्यंत थांबले, मग तिच्या पुढच्या. समितीची बैठक निघाली होती, हे मला नंतर तुझ्या फोनवरून कळलं. मी एकटीच जिना चढले. तिनं माझ्या पाठीमागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, डॉक्टरीण चपला काढतेय का बाहेर? मी सांगितलं, तिला काम निघालं, शुक्रवारी येईल. ती म्हणाली, बरं, मग कोबी भिजवू नका आज.

शुक्रवारी मी तुला फोन केला. तू म्हणालीस, पुढच्या आठवड्यात नक्की. त्या आठवड्यात आम्ही तिला राफतच्या कबरीशेजारी ठेवून आलो, आणि ते वाक्य न्यायचं राहून गेलं.